'ड्रॅक्युला' वाचताना भीती नेमकी कशाची वाटते?

पाचोळा (धागाकर्ता)

ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी मी अलीकडे तिसऱ्यांदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी महाविद्यालयात होतो आणि हाती आलेली प्रत संक्षिप्त होती. मला आज ज्याविषयी लिहायचे आहे, नेमके तेच त्या संक्षेपकाराने कंटाळवाणे समजून गाळून टाकले होते. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा चित्रपट पाहून झाले होते, त्यामुळे प्रत्येक पानावर मी सुळे आणि काळा झगा शोधत बसलो आणि ते फारसे न सापडल्याने हिरमुसलो. या वेळी मात्र निवृत्तीनंतरच्या सवडीने, अक्षर न अक्षर वाचली. नोकरीची सगळी वर्षे मी इतरांच्या हिशेबाची कागदपत्रे तपासण्यात घालवली आहेत, हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्या म्हणण्यावर त्या सवयीची छाया पडली आहे.

आठव्या प्रकरणात दोन व्यावसायिक पत्रे आहेत. व्हिटबी बंदरातले वकील लंडनच्या मालवाहतूक कंपनीला कळवतात की पन्नास पेट्या रात्री साडेनऊच्या गाडीने निघतील, दुसऱ्या दिवशी दुपारी साडेचारला किंग्ज क्रॉसला पोहोचतील, आणि त्या पर्फ्लीटजवळच्या कारफॅक्स या वास्तूतील पडीक प्रार्थनामंदिरात ठेवायच्या आहेत, ज्याची खूण सोबतच्या नकाशात केली आहे. कंपनीचे उत्तर त्याहून लहान आहे. दहा पौंड मिळाले, माल सांगितल्या जागी पोहोचवला, आणि जास्तीचे १ पौंड १७ शिलिंग ९ पेन्स धनादेशाने परत पाठवत आहोत.

हे उत्तर वाचताना मला जी भीती वाटली ती कादंबरीतल्या लांडग्यांनी किंवा वटवाघळांनी वाटली नव्हती. त्या पेट्यांत काय आहे हे वाचकाला ठाऊक आहे, कारण पहिल्या चार प्रकरणांत काउंटच्या किल्ल्यात गेलेल्या जोनाथन हार्कर या तरुण इंग्रज वकिलाने ती माती आणि त्या मातीवर उघड्या डोळ्यांनी पडलेला काउंट ड्रॅक्युला, म्हणजे कथेतला रक्तशोषक, पाहिलेला आहे. पण ज्यांनी ती पाठवली, उतरवली, मोजली, त्यांच्या दृष्टीने तो केवळ वेळेवर पोहोचवलेला माल आहे. कोणी लाच घेतलेली नाही, कोणी कामचुकारपणा केलेला नाही. उलट प्रत्येकाने आपले काम चोख केले म्हणूनच ते संकट लंडनला पोहोचले आहे, आणि वर उरलेले पैसेही परत केले गेले आहेत.

माझा मुद्दा असा की, ही कादंबरी भीतिदायक ठरते ती तिच्यातल्या राक्षसामुळे कमी आणि तिच्यातल्या कागदांमुळे अधिक. संपूर्ण पुस्तक दैनंदिन्या, पत्रे, तारा, वर्तमानपत्रांतली कात्रणे, जहाजाची नोंदवही आणि कारफॅक्सशेजारच्या वेड्यांच्या इस्पितळातल्या डॉक्टर सेवर्डच्या फोनोग्राफवरील ध्वनिमुद्रणे यांचे बनलेले आहे. काउंट स्वतः एक ओळही सांगत नाही. पहिल्या चार प्रकरणांनंतर तो प्रत्यक्ष बोलताना फार क्वचित दिसतो. लिहिणाऱ्या प्रत्येकाकडे सत्याचा एकच तुकडा असतो आणि ते सगळे तुकडे एकाच वेळी फक्त वाचकाच्या हातात असतात. भीती जन्मते ती एका कागदाचा शेवट आणि दुसऱ्याचा आरंभ यांमधल्या मोकळ्या जागेत.

आपणांस काय वाटते? ज्यांनी मूळ पुस्तक पूर्ण वाचले आहे त्यांनी अवश्य लिहावे. केवळ चित्रपट पाहिलेल्यांचेही स्वागत आहे, मात्र त्यांनी तसे आधी सांगावे.

सांजवेळ

पाचोळा, लेख आवडला आणि पुष्कळसा पटला. तुम्ही पेट्यांच्या पावतीविषयी लिहिलेत, त्याला जोडून मी तीन कागदांची आठवण करून देते, कारण मोकळ्या जागेची भीती तिथे अधिक क्रूर होते.

मीनाची मैत्रीण ल्यूसी आजारी आहे आणि रात्री तिच्याजवळ कोणीतरी जागे असलेच पाहिजे, हे तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर व्हॅन हेल्सिंगला कळून चुकले आहे. तो १७ सप्टेंबरला अँटवर्पहून सेवर्डला तार करतो की आज रात्री तिच्या घरी जाण्यास चुकू नका. तारेवर परगण्याचे नाव लिहिलेले नसल्याने ती एसेक्सऐवजी ससेक्समधल्या कारफॅक्सला जाते आणि बावीस तास उशिरा मिळते. त्याच रात्री खिडकी फोडून लांडगा डोकावतो, ल्यूसीची आई भयाने मरते, घरातल्या मोलकरणी गुंगीचे औषध मिसळलेली मदिरा पिऊन पडतात आणि मुलगी आईच्या प्रेतापाशी एकटी उरते. सगळा अनर्थ पत्त्यातल्या एका गाळलेल्या शब्दामुळे होतो.

दुसरा कागद मीनाचा, हार्करच्या बायकोचा. (हे नाव आपल्याकडे इतके घरगुती आहे की मला ती पहिल्या भेटीतच ओळखीची वाटली.) त्याच १७ तारखेला ती ल्यूसीला संसारातल्या सुखाचे एक भरभरून पत्र लिहिते: नवरा बरा होतो आहे, नवे घर मिळाले आहे, तुझे लग्न केव्हा. त्या पत्राच्या मथळ्यावर स्टोकरने कंसात एवढेच लिहिले आहे की पत्र ल्यूसीने उघडले नाही. पुढच्या पत्रावरही तीच टीप आहे. मरणाचे वर्णन करणारी दहा पाने जे करू शकली नसती ते त्या टिपेने केले आहे.

तिसरा कागद सर्वांत वाईट. सगळे पुरुष मिळून ठरवतात की मीनाला यापुढे काही सांगायचे नाही, तिच्या नाजूक मनाला हे सोसवणार नाही. रात्री ते कारफॅक्समध्ये पेट्या शोधायला जातात आणि तिला झोपायला सांगतात. जोनाथन पहाटे परत येऊन लिहितो की ती इतकी शांत झोपली होती की श्वास ऐकायला कान लावावा लागला, आणि नेहमीपेक्षा फिकट दिसत होती. त्यापाठोपाठ मीना स्वतःच्या दैनंदिनीत लिहिते की रात्री खोलीत धुके शिरल्याचे एक विचित्र स्वप्न पडले. ज्या वाचकाने ल्यूसीचे फिकट होणे शंभर पाने वाचले आहे त्याला एका क्षणात सगळे कळते, आणि नवऱ्याला मात्र बायको दमली आहे असे वाटते. मी त्या पानावर अक्षरशः मोठ्याने बोलले होते. तिच्यापासून लपवण्याचा निर्णय प्रेमातून घेतलेला होता आणि त्यानेच दार उघडे ठेवले.

म्हणून तुमच्या म्हणण्यात एक भर घालते. भीती केवळ मोकळ्या जागेची नाही. आपल्याला जे ठाऊक आहे ते सांगता येत नाही, या वाचकाच्या हतबलतेची ती आहे.

तळटीप

दोघांचेही प्रतिसाद वाचल्यावर लेखकाविषयी काही गोष्टी नोंदवाव्यात असे वाटते, कारण कागदांचे हे वेड आकाशातून पडलेले नव्हते.

स्टोकरचा जन्म १८४७ चा, डब्लिनजवळ क्लोनटार्फचा. तरुणपणी तो डब्लिन कॅसलमध्ये सरकारी नोकरीत होता आणि त्याचे पहिले पुस्तक, जे १८७९ साली निघाले, ते आयर्लंडमधल्या कनिष्ठ न्यायालयांतील कारकुनांच्या कर्तव्यांविषयीचे होते. पुढे त्याने लंडनच्या लायसियम नाट्यगृहाचे व्यवस्थापन हेन्री अर्व्हिंग या नटासाठी सत्तावीस वर्षे पाहिले. हिशेब, पत्रव्यवहार, दौऱ्यांची वेळापत्रके हेच त्याचे दिवसाचे काम होते. १८९० साली तो बॅरिस्टरही झाला. तेव्हा पाचोळा यांना ज्या धनादेशाने घाबरवले तो लिहिणारा माणूस त्यांच्याच जातकुळीचा होता.

याच १८९० च्या मार्चमध्ये त्याने कादंबरीची पहिली टिपणे केली आणि पुस्तक प्रसिद्ध झाले मे १८९७ मध्ये, म्हणजे सात वर्षांनी. ती टिपणे आज फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात आहेत. त्यांत रक्तशोषकाचे नाव सुरुवातीला 'काउंट वॅम्पिर' असे होते आणि कथा ट्रान्सिल्व्हेनियात नव्हे तर ऑस्ट्रियातल्या स्टायरियात घडणार होती. १८९० च्या उन्हाळ्यात स्टोकर व्हिटबीला राहिला असता तिथल्या वाचनालयात त्याला विल्यम विल्किन्सन यांचे वालेकिया आणि मोल्डेव्हिया या प्रांतांविषयीचे १८२० सालचे पुस्तक मिळाले, आणि त्यात 'ड्रॅक्युला' या शब्दाचा अर्थ तिथल्या भाषेत सैतान असा होतो, हे तळटिपेत दिलेले होते. माझ्या टोपणनावाला साजेशी गोष्ट असल्याने ती सांगितल्यावाचून राहवले नाही.

लोक नेहमी व्लाद नावाच्या सुळावर देणाऱ्या राजाची कथा सांगतात. पण स्टोकरच्या टिपणांत व्लाद हे नावही नाही आणि सुळाचा उल्लेखही नाही. ट्रान्सिल्व्हेनियात तर तो कधी गेलाच नव्हता. त्याने पुस्तके, नकाशे आणि प्रवासवर्णने चाळून तो प्रदेश उभा केला. उलट व्हिटबी त्याने पायांनी तुडवले होते. वरच्या चर्चकडे जाणाऱ्या १९९ पायऱ्या, थडगी, दाट धुके हे सगळे डोळ्यांनी पाहिलेले आहे. १८८५ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या किनाऱ्यावर 'दिमित्री' नावाचे रशियन जहाज आदळले होते, त्यावरून कादंबरीतले 'डेमीटर', काउंटला पेट्यांसह व्हिटबीला आणणारे जहाज, आले.

त्या जहाजाची नोंदवही हे माझ्या मते साऱ्या पुस्तकातले सर्वोत्तम भयलेखन आहे. वार्नाहून निघताना जहाजावर नऊ माणसे आहेत. कप्तान रोज दोन-चार ओळी लिहितो: वारा कसा आहे, खलाशी अस्वस्थ आहेत, एकजण पहाऱ्यावरून परत आला नाही, आणखी एकजण आला नाही. रक्त नाही, किंकाळी नाही, फक्त हजेरीपट कमी होत जातो. शेवटी तो स्वतःला सुकाणूला बांधून घेतो. ही नोंदवहीसुद्धा आपल्यापर्यंत थेट येत नाही. रशियन वकिलातीतला कारकून घाईघाईने भाषांतर करून सांगतो आणि वार्ताहर उतरवून घेतो. हाताखालून हात बदलत आलेला हा कागद प्रत्येक टप्प्यावर थंड होत जातो, आणि तो जितका थंड तितका वाचणारा अधिक शहारतो.

अश्वत्थ

माझे लहानपण तळकोकणात गेले, म्हणून मी जरा वेगळ्या वाटेने येतो.

आमच्याकडच्या भुतांना जागा असते. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीवर, खवीस एखाद्या ठरावीक वळणावर. दिवेलागणीनंतर त्या वाटेने जायचे नाही एवढे पाळले की झाले. भूत आणि माणूस यांच्यात जणू हद्दीचा करार असतो आणि बाधा होते ती हद्द मोडणाऱ्याला. युरोपातल्या जुन्या भयकथांतही बव्हंशी हेच आहे. १७६४ साली हॉरेस वॉलपोलने 'कॅसल ऑफ ओट्रांटो' लिहिली तेव्हापासून भय हे दूरच्या देशातल्या, जुन्या काळातल्या किल्ल्यात राहात आले, आणि पुस्तक मिटले की किल्ला तिथेच राहतो असा वाचकाला दिलासा होता.

स्टोकर सुरुवात तशीच करतो. हार्कर पूर्वेकडे जातो, गाड्या उशिरा धावू लागतात, सराईतली बाई त्याच्या गळ्यात क्रूस घालते, आणि आपल्याला वाटते की ही ठरलेली गोष्ट आहे. मग किल्ल्यातल्या ग्रंथालयात हार्करला काय दिसते? इंग्लंडची वेळापत्रके, कायद्याची आणि भूगोलाची पुस्तके, नकाशे. काउंट त्याच्याकडून इंग्रजी उच्चार सुधारून घेतो आणि विचारतो की इंग्लंडमध्ये एका माणसाला दोन वकील नेमता येतात का. तेव्हा लक्षात येते की हा पिंपळ सोडून निघाला आहे, आणि त्याची जागा म्हणजे त्याची माती पन्नास पेट्यांत भरून तो बरोबर नेतो आहे. हद्दीचा करारच रद्द झाला. तळटीप यांनी सांगितलेले जहाज मला म्हणूनच भिववते.

दुसरी गोष्ट उंबरठ्याची. घरातल्या कोणीतरी बोलावल्याशिवाय तो प्रथम आत येऊ शकत नाही, हा नियम आपल्या वाचकाला समजावून द्यावा लागत नाही. वेड्यांच्या इस्पितळात रेनफिल्ड नावाचा रुग्ण माश्या कोळ्यांना घालतो, कोळी चिमण्यांना घालतो, आणि मग मांजराचे पिल्लू मागतो. त्याच्या या हिशेबाकडे डॉक्टर कुतूहलाने पाहतो, नोंदी करतो, आणि अखेर तोच माणूस आतून हाक देतो. ज्याच्याकडे कोणी माणूस म्हणून लक्ष दिले नाही त्याच्या तोंडून घराचे दार उघडते, हे मला पेटीतल्या मातीपेक्षा अधिक लागले.

कडुनिंब

सर्वांची क्षमा मागून थोडा कडू घोट देतो.

पहिली चार प्रकरणे अप्रतिम आहेत. भिंतीवरून पालीसारखा डोके खाली करून उतरणारा काउंट, नोकर नसल्याने स्वतःच जेवणाचे टेबल मांडताना फटीतून दिसलेला काउंट, पुढच्या तीन तारखा घालून आगाऊ लिहून घेतलेली पत्रे. यांतली शेवटची गोष्ट तर असामान्य आहे, कारण शेवटच्या पत्रावरची २९ जून ही तारीख वाचून हार्करला आपल्या आयुष्याची मुदत कळते. 'डेमीटर'ही उत्तम. पण त्यानंतर? अठराव्या प्रकरणात व्हॅन हेल्सिंग सगळ्यांना टेबलाभोवती बसवून रक्तशोषकाचे नियम सांगतो: हे करू शकतो, हे करू शकत नाही, लसणाला भितो, वाहते पाणी भरती-ओहोटीच्या वेळीच ओलांडतो. नियम कळले की भय संपते आणि शिकार सुरू होते. पुढची पाने आगगाड्यांच्या वेळा, घोड्यांच्या किमती आणि एकमेकांच्या थोरवीची भाषणे यांनी भरली आहेत. पाचोळा यांना कागदांची भीती वाटते. मला तिथे कागदांची झोप येते.

आणि शेवट पाहा. ६ नोव्हेंबर, सूर्यास्त, बर्फ, जिप्सींची गाडी, आणि एका परिच्छेदात सगळे आटोपते. हार्करची कुकरी गळ्यावर फिरते, त्याचा अमेरिकन सोबती क्विन्सी याचा सुरा काळजात जातो, धूळ उडते. (काळजात खुंटा ठोकलाच जात नाही, हे चित्रपटवाल्यांना सांगून पटत नाही. ती कुकरी तेवढी आपल्या शेजारची, नेपाळची.) ज्याच्यासाठी चारशे पाने वाट पाहिली तो एक शब्दही न बोलता जातो. याला मी प्रभावी भयकथा म्हणू शकत नाही. प्रभावी सुरुवात म्हणेन.

सांजवेळ

कडुनिंब, भाषणांविषयी तुमच्याशी वाद घालणार नाही. मीही ती पाने भराभर उलटली आहेत. पण नियम कळल्यावर भय संपते हे मला मान्य नाही. ते जागा बदलते.

ल्यूसीच्या थडग्यातला प्रसंग सोळाव्या प्रकरणातला, पण ती काय झाली आहे हे व्हॅन हेल्सिंगने त्याआधीच सांगितलेले असते ना? ती हातातले मूल निर्विकारपणे जमिनीवर टाकते आणि मग गोड आवाजात आपल्या वाग्दत्त आर्थरला जवळ बोलावते. तिथे अज्ञात असे काहीच उरलेले नाही. दुसऱ्या दिवशी तिचा होणारा नवराच खुंटा ठोकतो, आणि मग दोन्ही डॉक्टर खुंट्याचे वरचे टोक करवतीने कापतात, मस्तक वेगळे करतात, तोंडात लसूण भरतात, शिशाची शवपेटी डाखाने बंद करतात, हत्यारे गोळा करतात आणि बाहेर येतात तर ऊन पडलेले, पक्षी गात असलेले. सज्जन माणसे एका मुलीच्या देहाशी हे सगळे नीट, पद्धतशीर करतात, आणि वाचक त्यांच्याच बाजूचा असतो. हे भय काउंटचे नाही.

मीनाच्या कपाळावर ख्रिस्ती प्रसादाच्या पवित्र भाकरीचा डाग उमटल्यानंतर तर शत्रू तिच्या आत आहे. ती आपल्या माणसांकडून वचन घेते की मी बदलले तर मला मारा, आणि स्वतःच्या अंत्यविधीची प्रार्थना जिवंतपणी वाचून घेते. सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला तिला संमोहित करून विचारायचे की तुला काय ऐकू येते, आणि ती सांगणार, लाटांचे पाणी, साखळीची कुरकुर. आगगाड्यांच्या वेळा म्हणूनच आहेत. तिच्याकडे किती सूर्यास्त उरले आहेत त्याची ती मोजणी आहे. शेवट घाईचा आहे, हे मात्र कबूल.

रात्रपाळी

मी रक्तपेढीत काम करते. ही कादंबरी रात्रपाळीत वाचू नये असे सहकाऱ्यांनी सांगितले होते. मी ऐकले नाही.

ल्यूसीला चार पुरुषांचे रक्त दिले जाते: आर्थर, सेवर्ड, व्हॅन हेल्सिंग, क्विन्सी. दाता निवडताना पाहिले काय जाते, तर तो तरुण आहे, धट्टाकट्टा आहे, तिच्यावर प्रेम करतो. कार्ल लँडस्टायनर यांचा रक्तगटांविषयीचा निबंध १९०१ चा, म्हणजे कादंबरीनंतर चार वर्षांचा. स्टोकरला आणि त्याच्या डॉक्टरांना यातले काही ठाऊक असणे शक्यच नव्हते. पण आज वाचणाऱ्या मला काउंटइतकीच त्या पलंगाशेजारच्या नळीची भीती वाटते. लेखकाने न योजलेली ही भीती आहे, तरीही तिच्यामुळे प्रसंग अधिक खोल होतो. रात्री एकजण रक्त नेतो, सकाळी दुसरे भरतात, आणि मुलगी दोघांच्या मधोमध पडून आहे.

साथीच्या रोगासारखी ही कथा चालते, हेही मला जाणवले. रक्त शोषल्यासारखी फिकट होत जाणारी माणसे, बंदरातून आलेले संकट, एकापासून दुसऱ्याला. स्टोकरची आई शार्लट हिने १८३२ ची स्लायगो गावातली पटकीची साथ लहानपणी पाहिली होती आणि तिच्या आठवणी त्याच्यासाठी लिहून दिल्या होत्या. त्यांत जीव असतानाच पुरल्या गेलेल्या माणसांच्या हकिगती होत्या. मेलेला माणूस पुरता मेलेला नसेल, ही शंका त्याच्या घरात आधीपासूनच वावरत होती.

शब्दवेल्हाळ

या पुस्तकाचे काही भाग मी स्वतःच्या समाधानासाठी मराठीत करून पाहिले आणि एका शब्दावर अडले. स्टोकरच्या टंकलिखित प्रतीवर शीर्षकच त्या शब्दाचे होते: 'द अन-डेड'. मेलेला नाही, पण जिवंतही नाही. संस्कृताच्या वाटेने हुबेहूब शब्द घडवायला जावे तर हाती काय येते? 'अमृत'! भयाचा सगळा डोलारा त्या एका शब्दाने दुधात साखर पडावी तसा विरघळतो. 'अमर' म्हटले तर देव आठवतात, 'पिशाच' म्हटले तर देह नसलेले काहीतरी डोळ्यांसमोर येते आणि याला तर देह आहे, भूक आहे, मालमत्ता आहे. लंडनमधल्या पिकॅडिलीतल्या घरात हार्कर त्याच्यावर सुरा चालवतो तेव्हा फाटलेल्या कोटातून रक्त नाही, नोटा आणि सोन्याची नाणी खाली पडतात. मी शेवटी 'न-मेलेला' असे साधे लिहिले. कानाला ते ओबडधोबड लागते आणि ते तसेच लागावे.

रिचर्ड बर्टन यांनी १८७० साली आपल्या वेताळपंचविशीचे इंग्रजी रूपांतर केले तेव्हा वेताळासाठी 'व्हॅम्पायर' हा शब्द वापरला. स्टोकर बर्टनना भेटला होता आणि बोलताना त्यांचा सुळा खंजिरासारखा चमके, असे त्याने पुढे लिहून ठेवले आहे. यावरून लगेच काउंटचे मूळ आपल्या स्मशानात शोधायला धावू नये, ही विनंती. आपला वेताळ प्रेतात शिरतो, पण तो गोष्टी सांगतो, कोडी घालतो, न्याय विचारतो; राजाचे रक्त पिण्यात त्याला रस नाही. काउंट कोडे घालत नाही.

व्हिटबीच्या म्हाताऱ्या दर्यावर्दीची, मिस्टर स्वेल्सची बोली ही आणखी एक पंचाईत. तो थडग्यांवरच्या खोट्या मजकुरांची टिंगल करतो: अमुक इथे विसावला म्हणे, तो तर समुद्रात बुडाला. एका मैत्रिणीने सुचवले की त्याला मालवणी बोलू द्या. मी दोन पाने तशी केली आणि थांबले, कारण व्हिटबीचे वेंगुर्ले झाले आणि म्हातारा फारच गोड वाटू लागला. थोड्या दिवसांनी तोच त्या बाकावर मान मोडून मेलेला सापडतो. त्याआधी वाचकाला तो आपला वाटावा हे खरे, पण इतका नव्हे.

पाचोळा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. कडुनिंब यांचे म्हणणे मी निम्मे स्वीकारतो: अठरावे प्रकरण मलाही सभेच्या इतिवृत्तासारखे वाटले, आणि इतिवृत्ते वाचण्याचे मला वेतन मिळत असे, इतरांना मिळत नाही. अश्वत्थ यांच्या हद्दीच्या करारावर मी अजून विचार करतो आहे.

एक कागद मात्र राहिला. किल्ल्यात असताना हार्कर मीनाला लघुलिपीत एक पत्र लिहून बाहेर पाठवू पाहतो. ते काउंटच्या हाती पडते, त्याला ती लिपी वाचता येत नाही, आणि एरवी कमालीचा सभ्य असलेला तो माणूस संतापून ते दिव्यावर जाळतो. पुढे मीना सगळ्या दैनंदिन्या टंकलिखित करते, कार्बन लावून तीन प्रती काढते, त्या तारखांनुसार लावते, आणि तेव्हाच प्रथम या मंडळींना कळते की आपण सगळे एकाच गोष्टीविषयी लिहीत होतो. म्हणजे आपण वाचतो ते पुस्तक कथेतच तयार होते आणि तेच काउंटविरुद्धचे खरे हत्यार ठरते. हे त्यालाही कळते. तो इस्पितळात शिरतो त्या रात्री अभ्यासिकेतली सारी हस्तलिखिते आणि फोनोग्राफच्या मेणाच्या नळ्या आगीत टाकतो. तिजोरीतली एक प्रत तेवढी वाचते.

सात वर्षांनी हार्कर ती तिजोरी उघडतो आणि शेवटच्या टिपणात लिहितो की या ढिगाऱ्यात अस्सल म्हणावा असा दस्तऐवज जवळजवळ नाही. नंतरच्या काही वह्या आणि व्हॅन हेल्सिंगचे एक टिपण सोडले तर सगळे टंकलिखित आहे, आणि कोणी यावर विश्वास ठेवावा अशी अपेक्षा करता येणार नाही. हे प्रकरण माझ्या टेबलावर आले असते तर मी समासात नेहमीचा शेरा मारला असता: मूळ प्रती तपासणीसाठी उपलब्ध करून दिल्या नाहीत. मूळ प्रती कोणी जाळल्या, याची नोंदही त्या टंकलिखित कागदांतच आहे.